विषय: येळवस: हॉलवाल्याने नंबर मागितलाय, कुणाचा द्यायचा?

तुळजापूरकर (स्वयंपाक गट)
मंडळी, आपल्या येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) जेवणासाठी घेतलेल्या हॉलच्या मॅनेजरची मेल आली. शुक्रवारपर्यंत दोन गोष्टी पायजेत: जेवण कोण करणार त्याचा काउन्सिलचा (इथल्या ब्रिटनमधल्या पालिकेचा) रजिस्ट्रेशन नंबर, आणि कुठल्या पदार्थात काय काय घातलंय त्याचा तक्ता. गेल्या साली असलं काही मागितलं नव्हतं. माणूस बदललाय, का कढीचा तो प्रकार कानावर गेलाय, देव जाणे. आपल्यात घरच्या स्वयंपाकघराचा नंबर फक्त निलंगेकर वहिनींकडं आहे. तोच टाकून मोकळं होऊ का? १९ दिवस उरलेत. आणि अंबील (ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ) रात्रभर मडक्यात बाहेर ठेवायची का नाही, तेही एकदाचं ठरवा.

निलंगेकर
भाऊजी, माझा नंबर कुणाला विचारून टाकायलात? तो माझ्या घरातल्या स्वयंपाकघराचा आहे, धपाटे आणि चटण्यांसाठी घेतलेला. भज्जी (बेसन लावलेली मिश्र भाजी) तुम्ही तिघांच्या घरी शिजवणार, खीर चौथ्याच्या, आणि उद्या कुणाचं पोट बिघडलं तर दार माझं वाजणार. नाही जमायचं. कढीच्या वेळीही नाव माझंच आलं होतं, कढी मी केली नसताना.

परभणीकर
एवढं काय मनावर घेता. आपण काय हॉटेल टाकायलो का? आपल्याच माणसांना वर्षातून एकदा जेवू घालायलोत. गावाकडं रानात कुणी नंबर विचारतं का? वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतेत.

नांदेडकर
परभणीकर, तुमच्याकडं येळवस असते का हो, का फोटो बघून बोलायलात? असो.

खाण्याची गाडी चालवून सहा वर्षं झाली, थोडं कळतं म्हणून लिहितो. वर्षातून एकदा, मंडळापुरतं, सगळ्यांनी मिळून केलेल्या जेवणाला रजिस्ट्रेशन लागत नाही. जे नेमानं आणि बसवून चाललेलं काम आहे त्याला लागतं, मग नफा असो नसो. मॅनेजरला तसं लिहून द्या, काउन्सिलच्या फूड टीमची मेल जोडा, तो गप बसतो. पण अन्न सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्यानं सुटत नाही.

मात्र तिथंच टेबल मांडून जे ठेचा आणि चटणीच्या बरण्या विकायलेत, दर महिन्याला विकायलेत, त्यांना लागतं. नावं घेत नाही. रजिस्ट्रेशनला पैसे पडत नाहीत, काउन्सिल नाकारूही शकत नाही, फक्त धंदा सुरू व्हायच्या २८ दिवस आधी करायचं. म्हणजे १९ दिवसांत ते बसत नाही. यंदा बरण्या घरी ठेवा.

माझी गाडी रात्री जिथं उभी राहते त्या काउन्सिलकडं माझी नोंद आहे, धंदा तीन गावांत असला तरी. पहिल्या तपासणीला काउन्सिलच्या बाई न सांगता आल्या. फ्रिज उघडून थर्मामीटर आत ठेवलं, गरम भाताच्या भांड्यात दुसरं खुपसलं, मग हात धुवायच्या बेसिनकडं गेल्या. बेसिन होतं, साबण होता, गरम पाणी होतं. पण बेसिनमध्ये मी कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. त्या जुडीकडं त्यांनी जेवढा वेळ बघितलं तेवढा वेळ माझ्याकडं बायकोनंही कधी बघितलं नाही. स्वच्छतेचे ५ पैकी ३ मिळाले. अन्नात खोट नव्हती. रोजच्या नोंदींची डायरी भरलेली नव्हती. तीन भागांत बघतात: अन्न कसं हाताळता, जागा कशी आहे, आणि कागदावर काय आहे. तिसऱ्यात आपले लोक आपटतेत.

उदगीरकर काकू
सगळ्यांना आशीर्वाद. नंबरचं ते तुम्ही बघा. मला तक्त्याचं बोलायचंय. गेल्या वेळी तुम्ही खाली "ग्लूटेन नाही" असं लिहिलं होतंत आणि पुढं भज्जी! अरे बाबांनो, बेसनाची असली म्हणून काय झालं, फोडणीत हिंग आहे ना? आपल्या डबीतला हिंग निम्मा पिठाचा असतो, बऱ्याच डब्यांवर मागं गव्हाचं पीठ छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा. ॲलर्जी होऊ शकते अशा १४ वस्तू सांगाव्याच लागतात इथं. आपल्या येळवशीत मोजा: भज्जीत शेंगदाणे, मोहरी, हिंगातला गहू. खिरीत गहू आणि दूध. अंबिलीत ताक. चटणीत तीळ. बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) तेवढे सुटले. तिळाला हसू नका. २०१६ साली नताशा नावाची १५ वर्षांची पोरगी ब्रेडमधल्या न सांगितलेल्या तिळानं गेली, तिच्या आईबापांनी लढून कायदा बदलून घेतला. १ ऑक्टोबर २०२१ पासून विकायच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या वस्तूवरही सगळे घटक लिहावे लागतेत, त्या १४ पैकी जे असेल ते ठळक. निलंगेकर सूनबाई, तुझ्या बरण्यांवर तू लिहितेस ते मी बघितलंय. छान लिहितेस.

हिंगोलीकर
काकू, यादीत सेलरी पण आहे. म्हणजे ओवा ना? मग उंडेही सुटले नाहीत की.

उदगीरकर काकू
सेलरी म्हणजे ओवा नव्हे. वेगळं झाड. आणि माझ्या उंड्यात ओवा नसतोच. कुणी शिकवलं तुम्हाला ओवा घालायला?

हिंगोलीकर
आमच्या घरी घालतेत.

परभणीकर
आमच्यातही घालतेत. आणि नांदेडकर, आमच्याकडं येळवस लातूरइतकी मोठी नसंल, पण असते. कलेक्टरनं सुट्टी द्यायलाच पायजे असं काही नाही.

औसेकर, सध्या गावी
इकडून लिहायलोय, नेट अधूनमधून येतंय. रानात पूजेसाठी कडब्याची कोप (खोपटं) अजून उभी करायचीय, थोरला कडबा आणायला गेलाय. आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिनं फक्त एकच विचारलं, "अंबील फ्रिजमध्ये ठिवत्यात व्हय?"

तिची पद्धत सांगतो, मग बघा काय करायचं ते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात झाकून ठेवते, वर ओलं फडकं गुंडाळते. सकाळी बोट बुडवून चाखते. लागली आंबट तर लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून लावते, मग मीठ. फडक्याच्या गारव्यानं जेवढं गार होतं तेवढंच. इकडं मार्गशीर्षातली रात्र तशीही थंडच असते.

तिकडं मात्र हीटर लावलेल्या घरात १२ तास मडकं ठेवून ती ८ अंशांखाली होती असं कोण लिहून देणार? कायद्यात ८ अंश आहे. आंबट झाली म्हणजे बिघडत नाही हे खरं असलं तरी ते मॅनेजरला समजावण्यात दुपार जाईल. मला सुचतं ते असं: एका घरी, निम्म्या दिवसात आंबवा, मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रिजला लावा. हॉलवर नेल्यावर बाहेर ४ तास चालतं, तेही एकदाच. दुपारी १२ ला काढली तर ४ ला जी उरंल ती ओतून द्यायची, घरी न्यायची नाही. मडकं पूजेला ठेवा, त्यातली थोडी शिंपडायला घ्या, वाढायला डबा. वेळ कागदावर टाका, बस.

गरम भज्जी मात्र ६३ अंशांच्या वर ठेवावी लागती. त्याला नांदेडकरांच्या गाडीतला तो गरम डबा लागंल.

नांदेडकर
डबा देतो. पण माझा मीच लावणार. गेल्या वेळी झाकण वाकवून परत आलं, कुणी वाकवलं ते मला ठाऊक आहे.

निलंगेकर
औसेकर भाऊजी, आईला नमस्कार सांगा. अंबील माझ्याकडं करते. माझा फ्रिज रोज ५ अंशांवर लिहिलेला असतो, डायरीचं पान बघायचं असलं तर बघा. पण नंबर अंबिलीचा, सगळ्या जेवणाचा नाही. तुळजापूरकर भाऊजी, तसंच लिहा फॉर्मवर, आधी मला दाखवून.

तुळजापूरकर (स्वयंपाक गट)
बरं. मॅनेजरला लिहितो: मंडळाचं वर्षातून एकदाचं जेवण, अंबील नोंदणी असलेल्या स्वयंपाकघरातली. तक्ता काकू करतील, मी टाइप करतो. हिंगाची नवी डबी आणायची का? पिठाशिवायचा मिळतो म्हणे, थोडा महाग.

बरण्या यंदा नाहीत. कुणाला वाईट वाटलं असेल तर मला फोन करा, लिस्टवर नको.

हिंगोलीकर
मग उंड्यात ओव्याचं काय ठरलं?