विषय: मोडी वाचणारं कुणी आहे का? (नाशिककरांनी जरूर बघा)

मेधा, लंडन

नमस्कार मंडळी,
गेले तीन महिने मी दर शनिवारी इथल्या एका लष्करी संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जाते. परवा हातात एक चिकटवही आली. यादीत नोंद एवढीच: दुसऱ्या महायुद्धातला हिंदी शिपाई, लिपी अज्ञात. उघडून बघते तर मोडी! शेवटच्या पानावर मात्र देवनागरीत नाव, ‘पाचवी मराठा’ (म्हणजे मराठा पलटण) आणि ‘ता. निफाड, जि. नाशिक’. नाव इथे टाकत नाही. घरच्यांचा पत्ता लागला तर आधी त्यांना कळू दे.

आत इराकमधल्या बसऱ्याचं पोस्टकार्ड, मग इटलीतल्या तारांतो बंदराचं, सिगरेटची चपटी केलेली पाकिटं, लिराची एक नोट आणि एक वाळकं पान. पानाखाली दोन-तीन ओळी. फोटो जोडलेत. बाबांना मोडी यायची, तेव्हा मी शिकले नाही.

सचिन, लेस्टर

मेधाताई, अंगावर काटा आला! बसरा आणि मग तारांतो, म्हणजे आठवी हिंदी डिव्हिजन. सप्टेंबर १९४३ मध्ये ती तारांतोला उतरली आणि तिच्यात मराठ्यांची पहिली बटालियन होती. त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतल्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. आपला माणूस तिथे असणारच. गणपतीत यावर स्लाइड शो करू या का?

अरुणकाका, सध्या मुक्काम नाशिक

मेधा, सचिन,
उशीर झाला, कारण माझी मोडी कच्ची. फोटोंच्या प्रती काढून सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथे येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना मोडी येते. रेघ आधी ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची, शब्द कुठे तुटतो त्याचा पत्ता नाही, ह्रस्व-दीर्घ रामभरोसे. एका शब्दापाशी आम्ही वीस मिनिटं अडलो. मास्तर ‘पागर’ म्हणत होते, मी ‘नांगर’. शेवटी भिंग लावल्यावर लागला तो असा:

‘द्राक्षाचे पान. येथे वेल जिवंत झाडावर चढवितात, आपले पांगाऱ्याप्रमाणे. फळ बारीक, आंबट.’

आता नाशिकच्या बागांत तारा आणि लोखंडी अँगल दिसतात, पण पूर्वी वेलीशेजारी पांगाऱ्याचा खुंट लावायचे आणि वेल त्यावर चढवायचे. रविवारी पिंपळगावला मावसभावाला फोटो दाखवला. पठ्ठ्या म्हणाला, “आमच्या आज्याच्या बागेत पांगाराच होता. हा गडी बागाईतदाराच्या घरचा, दुसऱ्याला हे सुचायचं नाही.” इटलीत वेल झाडांवर चढवायची जुनी चाल खरीच आहे. हा माणूस रायफल घेऊन चालता चालता लोकांची बाग बघत होता!

सचिन, स्लाइड शो जरा थांबव. तिसरी बटालियनही इटलीतच होती, दहाव्या डिव्हिजनबरोबर. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या यशवंत घाडग्यांची १० जुलै १९४४ ची टायबर खोऱ्यातली लढाई तिचीच. ती डिव्हिजनही आधी इराकमध्ये होती, आणि पोस्टकार्ड काय, कुणीही विकत घेतं. तेव्हा दोन पोस्टकार्डांवरून त्याला सेनियोच्या बांधावर चढवू नकोस. वहीत लढाईचं अवाक्षर नाही. सेन्सॉरची भीती असेल किंवा त्याला लिहायचंच नसेल.

पण ‘आंबट’ हा शब्द बघा. आपल्याकडे द्राक्षं फेब्रुवारी-मार्चला येतात, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला. घड धरलेत पण पिकले नाहीत, म्हणजे जुलै-ऑगस्ट. तारांतोनंतरचं हे पान असेल तर सन १९४४ चा उन्हाळा. भावाने शंका काढलीच, “दारूची द्राक्षं पिकली तरी बारीकच.” बारीक असतील, आंबट नसतात.

मेधा, आता सगळं तुझ्यावर. ते वाळकं पान सिगरेटच्या पाकिटांच्या आधी आहे की नंतर, हे नीट बघ. प्रत्येक पानाचा क्रमाने फोटो काढ, उलट बाजूचाही. डिंक सुटला असेल तरी काही उचकटू नकोस. संग्रहालयातल्या माणसाला सांग. कुठे पत्राचं पाकीट चिकटवलेलं असेल तर फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे लष्करी टपालाचा, शिक्का शोध. गावाचं नाव सेन्सॉर चालू देत नसे, पण शिक्क्यावर नंबर असतो आणि नंबरावरून ठिकाण लागतं. बटालियन कळली की बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे पलटणीच्या मुख्य केंद्राला, विचारू. इथल्या सैनिक कल्याण कार्यालयात मी मंगळवारी जातो, पेन्शन सुरू असेल तर नातेवाइकांची नोंद मिळू शकते. नाव मला वेगळं मेलवर पाठव.

आणि ती लिराची नोट. मागच्या बाजूला चार स्वातंत्र्यं छापलीत ना? भाषणाचं, धर्माचं, अभावापासून आणि भयापासून. दोस्त राष्ट्रांनी इटलीसाठी छापलेली ती नोट. आमचे वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते, त्यामुळे नोट दिसली की आधी पाठ बघायची खोड.

मेधा

काका, वाळकं पान तारांतोच्या पोस्टकार्डाच्या चार पानं पुढे आहे, सिगरेटी त्याच्याही नंतर. नोटेची पाठ तशीच. नोंद दुरुस्त करायला घेतली: ‘लिपी मोडी, भाषा मराठी’. इथल्या बाईंनी ‘पांगारा’चं स्पेलिंग दोनदा विचारलं.

शिक्का नाही सापडला अजून. पण पुढच्या पानावर चार ओळी आहेत आणि पेन्सिलीने काढलेली एक बैलजोडी, शिंगं चांगलीच लांब. फोटो जोडतेय. मास्तरांना घाई करू नका.