एक बाजू खाली सरकणारा जुना क्रिब घ्यावा का? (न्यू जर्सी)

ओवी_एडिसन:
नवऱ्याच्या ऑफिसातले एक काका त्यांच्या मुलाचा क्रिब (बाळाचा कठड्यांचा पलंग) फुकट देतायत. लाकूड एकदम दणकट, एक बाजू खाली सरकते त्यामुळे बाळाला उचलताना फार वाकायला नको, सिझर झालं तर बरंच की. सासूबाई म्हणतात घेऊन टाका, उगाच नव्यावर खर्च कशाला. पण मैत्रीण म्हणते असले क्रिब इथे बंद झालेत, खरंय का? एका बाजूचा प्लास्टिकचा खटका तुटलाय, तिथे काकांनी तार गुंडाळलीय, बाकी ठीकठाक वाटतो.

खटपट्या:
अजिबात घेऊ नकोस. २८ जून २०११ पासून ड्रॉप-साइड (बाजू सरकणारे) क्रिब बनवणं, विकणं दोन्ही बंद आहे अमेरिकेत. आणि तू लिहिलंयस तो खटकाच तर सगळ्या भानगडीचं मूळ. तो तुटला की सरकणारी बाजू एका कोपऱ्यात सुटते, वरून बघितलं तर काही कळत नाही, बाळ लोळत तिकडे गेलं की गादी आणि कठड्याच्या मधल्या फटीत अडकतं आणि गुदमरतं. २००० नंतरच्या दहा वर्षांत अशी किमान ३२ मुलं गेली. २००९ मध्ये स्टॉर्क क्राफ्ट कंपनीने अमेरिका-कॅनडात मिळून असे २१ लाख क्रिब रिकॉल केले, म्हणजे परत मागवले होते. तारेचं काय घेऊन बसलीस, तेव्हा कंपन्या ती बाजू पक्की करायचे किट देत होत्या, ते लावूनसुद्धा असा क्रिब नव्या नियमात बसत नाही!

जुनाजाणता:
आमची पोरं झोळीत वाढली, काही झालं नाही हो. हल्ली सगळ्याचीच भीती.

खटपट्या:
काका, झोळीची दोरी कोणाच्या तरी हातात असायची. क्रिबात बाळ रात्रभर एकटं असतं.

मीनल_टेक्सास:
ओवी, वाकायची काळजी सोड. नव्या क्रिबांत बहुतेक गादीची उंची बदलता येते, सुरुवातीला सगळ्यात वर ठेवायची, बाळ बसायला लागायच्या आधी खाली घ्यायची. सेकंडहँडच घ्यायचा तर आधी लेबलवरची तारीख बघ, मग मॉडेल नंबर सीपीएससीच्या (वस्तूंची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) साइटवर टाकून रिकॉल झालाय का ते बघ. दोन दांड्यांमधून सोड्याचा कॅन आरपार जात असेल तर फट जास्त आहे, सव्वादोन इंचांच्या जरा वर चालते, तेवढीच. गादी आणि कठड्याच्या मधे दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. कडेने लावायचे ते जाड मऊ बंपर २०२२ च्या कायद्याने बंद झालेत पण बारशाला कोणीतरी आणतंच! आजीने शिवलेली गोधडी मांडीवर घेताना वापर, क्रिबात नुसती कडक गादी आणि घट्ट बसणारी चादर, उशी नाही, लोड नाही.

ओवी_एडिसन:
धन्यवाद सगळ्यांना, सासूबाईंना वाचून दाखवते. काका म्हणतायत मग डोनेट करतो, ते चालेल का?

मीनल_टेक्सास:
नाही गं, डोनेटही नको आणि रस्त्याच्या कडेला आख्खा ठेवू पण नका, कोणीतरी उचलून नेईल आणि तार गुंडाळून वापरेल. सुटा करून फळ्या मोडूनच टाका म्हणावं.