आगोटीची बेगमी घरच्या घरी: साधेपणा की नवा सोस?

परसदार (धागालेखक)

तीन वर्षांपूर्वी आम्ही मुंबईतील भाड्याची जागा सोडून रत्नागिरी तालुक्यातील वडिलोपार्जित घरी राहायला आलो. घरात आई, आम्ही दोघे आणि दोन मुले आहोत. मागच्या सहा गुंठे परड्यात हापूसची चार कलमे, दोन फणस, एक रातांबा (कोकमाचे झाड) आणि बारमाही विहीर आहे. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडके आणि काकडी चढते, न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढतो आणि थंडीत लाल माठ, मुळा व वाल होतो. मे महिन्यात आम्ही आंब्याचा रस आटवून काचेच्या बाटल्यांत भरतो, आमसुले करतो, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) काढतो आणि साठे (आंब्याच्या रसाच्या पोळ्या) व फणसपोळी वाळवतो. यंदा कुयरीच्या (कोवळ्या फणसाच्या) फोडी मिठाच्या पाण्यात उकळून त्यांच्याही १२ बाटल्या भरल्या.

जून ते सप्टेंबर समुद्र बंद आणि रस्ते चिखलात, अशा काळासाठी आमच्या पणज्या आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, हेच करत होत्या. आता वाण्याची यादी निम्म्यावर आली आहे, मुलांना कोणते फळ कधी येते हे कळते आणि घरात काय आहे ते पाहून जेवण ठरते. मला यात साधेपणा दिसतो. काही नातेवाइकांना मात्र हा शहरातून आणलेला सोस वाटतो. इथल्या सदस्यांचे मत काय?

कातळावरचा

तुमच्या नातेवाइकांशी मी बराचसा सहमत आहे. चार कलमांचा आंबा घरात जिरवणे हा छंद झाला. दोनशे कलमांवर कर्ज काढलेल्या माणसाचे गणित निराळे असते. आमच्याकडे पेटीचा आंबा वेगळा निघतो, आणि डागी, बारका किंवा पडीचा माल किलोवर कॅनिंगला जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडाखाली जो सडा पडला, तो पाहिल्यावर बाटल्या धुण्याचे कोणालाही सुचले नसते. कॅनिंगवाल्याचा टेम्पो येतो की नाही, एवढीच चिंता होती.

शिवाय तुमच्याकडे बारमाही विहीर आहे. कोकणात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा खडक ते पाणी धरून ठेवत नाही आणि एप्रिलमध्ये आमच्या वाडीत टँकरची वाट पाहावी लागते. पडवळाचा मांडव उभा केलाच, तर वानरांची टोळी एका सकाळी तो झोपवते. (गावठी कुत्रा ठेवा हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. दोन ठेवले आहेत.) ज्याला पाणी, सावली आणि दुसरीकडून येणारे उत्पन्न आहे, त्यानेच साधे राहावे, असा याचा अर्थ होतो.

मीठभाकर

माझा आक्षेप पैशाचा नाही. धागालेखकांच्या पहिल्या परिच्छेदातील क्रियापदे पुन्हा वाचावीत: आटवतो, भरतो, करतो, काढतो, वाळवतो. या प्रत्येकाचा कर्ता ‘आम्ही’ आहे. या ‘आम्ही’मध्ये नेमके किती हात आहेत आणि ते कोणाचे आहेत, हे मला जाणून घ्यायचे आहे.

मी अशाच घरात वाढले. मे महिन्याच्या उकाड्यात चुलीपुढे उभे राहून रस ढवळायचा, आणि तो घट्ट होऊ लागला की त्याचे थेंब उडून मनगटावर फोड उठतात म्हणून हाताला फडके गुंडाळायचे. शंभर-दीडशे रातांबे फोडले की नखांच्या कडा आंबटाने हुळहुळतात. आमसुले म्हणजे साली नुसत्या उन्हात टाकणे नव्हे. त्या मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवून तितक्याच वेळा वाळवाव्या लागतात. खळ्यात घातलेली साठे कावळ्यांपासून राखायची, आणि दुपारी वळवाची सर आली की हातातले काम टाकून ती गोळा करायला धावायचे. हे सगळे आई, काकू आणि आम्ही मुली करत होतो. वडील आणि काका आंबा उतरवत, ते कष्टाचे काम होते हे मी नाकारत नाही. पण त्यांचे काम आढी लागली, म्हणजे आंबा पिकायला गवतात रचला, की संपत असे आणि आमचे तिथून सुरू होत असे.

पणज्यांचा दाखला तर मला मुळीच पटत नाही. त्या बेगमी करत, कारण केली नाही तर श्रावणात ताटात काही उरत नसे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, रस्ते झाले, भाजीचे ट्रक घाट उतरून बारा महिने येऊ लागले आणि आमच्या घरातील बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या आईने त्यानंतर आगळ विकतच घेतले आणि त्याची तिला कधी खंत वाटली नाही. तिच्या दृष्टीने साधे जगणे तेच होते. तुमच्या घरातील जेवण साधे झाले असेल. तुमच्या आईंचा आणि पत्नींचा मे महिना साधा झाला का?

आम्लपित्त

वरच्या वादात मी पडत नाही, पण कुयरीच्या १२ बाटल्यांविषयी तातडीने लिहिणे भाग आहे, कारण मी फळप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो. त्या बाटल्या खाऊ नयेत.

हवाबंद बाटलीत ज्याची भीती असते, त्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि पाण्याच्या उकळीला मरत नाहीत. पदार्थाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असेल तर ते रुजत नाहीत. त्याच्या वर असेल तर हवा नसलेल्या बाटलीत ते वाढून घातक विष तयार करू शकतात, आणि ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येईलच असे नाही. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असल्याने आगळाबाबत ही चिंता नाही. मुरांब्याला आम्लासोबत साखर राखते. कुयरीत मात्र आम्ल नाही, आणि भाजीपुरते मीठ टिकवणीच्या कामाचे नसते. या जिवाणूला रोखायला पाण्यात सुमारे १० टक्के मीठ लागते. म्हणूनच आपल्याकडे गरे खारात घालताना मिठाचा हात सढळ असतो आणि ते धुऊन, भिजवूनच भाजीत पडतात. कारखान्यात अशा भाज्या दाबाखाली १२१ अंशांवर तापवतात. घरच्या कुकरमध्ये तेवढे तापमान येऊ शकते, पण मोठ्या बाटलीच्या मध्यापर्यंत ते पोहोचायला लागणारा वेळ अंदाजाने ठरवण्याची गोष्ट नाही.

आंब्याच्या रसाविषयीही थोडे सांगतो. पिकलेल्या हापूसचा रस बहुधा त्या रेषेच्या खाली असतो, पण फार खाली नसतो, आणि फळ जास्त पिकले की आंबटपणा आणखी उतरतो. म्हणूनच कारखान्यात त्यात सायट्रिक आम्ल मिसळतात. तुम्हीही ते मापून मिसळावे. किंवा गावात डबे भरून देणारे केंद्र असेल तर आपला आंबा तिथे नेऊन ८५० ग्रॅमचे डबे सीलबंद करून आणावेत.

परसदार (धागालेखक)

आम्लपित्त यांचे मनापासून आभार. बारापैकी दोन बाटल्या आम्ही आधीच खाल्ल्या होत्या, हे वाचून पोटात गोळा आला. उरलेल्या दहा आज न उघडता परड्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरल्या.

कातळावरचा यांचे पाण्याविषयीचे म्हणणे मान्य आहे. ती विहीर आजोबांनी खणली, माझे त्यात काही कर्तृत्व नाही. पण बागायतीचे कर्ज आणि घरामागचा अळू या गोष्टी एका तागडीत घालू नयेत. पाच माणसांची भाजी परड्यात उगवली म्हणून हापूसच्या बाजाराचे प्रश्न सुटतात, असा दावा मी केलेला नाही.

मीठभाकर, तुमचा प्रश्न मी जेवताना घरात मोठ्याने वाचून दाखवला. पत्नी हसली आणि म्हणाली, की रस ढवळायला तू एकूण किती दिवस होतास ते आधी लिही. चार दिवस होतो. काम अठरा दिवस चालले. आईचे मत मात्र तुमच्या आईंपेक्षा वेगळे निघाले. विकतचे आगळ पाणचट असते आणि मुंबईच्या खोलीत आपण नुसती बसून होतो, असे ती म्हणाली. तिच्या या समाधानाआड मी लपत नाही, पण ते खोटे ठरवण्याचा अधिकारही मला नाही.

मीठभाकर

तो अधिकार मलाही नाही. तुमच्या आईंना आवडत असेल तर त्यांनी आमसुले जरूर करावीत. माझे म्हणणे उरलेल्या चौदा दिवसांपुरते आहे. पुढच्या वर्षी रस डबे भरणाऱ्याकडे न्यावा, आणि घरी जे करायचे त्यातले ढवळणे तुमच्याकडे घ्यावे. हाताला फडके गुंडाळायला विसरू नये.