मदत हवी आहे: यूसीएलएला हरवूनही पर्ड्यू सहावं कसं? (बिग टेन बास्केटबॉल)

चिमणबाग | रविवार, 9 मार्च 2025, संध्याकाळ

मंडळी, अमेरिकेतल्या कॉलेजांचं बास्केटबॉल कळणारं कुणी इथे असेल तर जरा हात द्या.

लेक पर्ड्यूला आहे, इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेटला. गेल्या ऑगस्टात एमएसला गेली तेव्हा तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता मॅकी अरीनात, म्हणजे पर्ड्यूच्या घरच्या मैदानात, विद्यार्थ्यांची जी गॅलरी असते, पेंट क्रू म्हणतात त्यांना, तिथे उभी राहून घसा बसवून घेते आणि मला व्हिडिओ पाठवते. मी स्वतः कॉलेजच्या टीममध्ये होते (गार्ड, उंची पाच फूट एक, हसू नका), त्यामुळे खेळ समजतो. समजत नाही तो यांच्या बिग टेन नावाच्या लीगचा गुणतक्ता.

शुक्रवारी रात्री, म्हणजे आपल्या शनिवारी सकाळी, पर्ड्यू इलिनॉयकडून 88-80 हरलं. मग विस्कॉन्सिन स्वतःच्या घरी पेन स्टेटकडून हरलं आणि आज सकाळी उठून बघते तर यूसीएलएने यूएससीला धुतलेलं. तिघांचेही वीस-वीस सामने झाले आणि तिघंही 13 विजय, 7 पराभव. इथवर ठीक. पण लेकीने पाठवलेल्या तक्त्यात यूसीएलए चौथं, विस्कॉन्सिन पाचवं आणि आपलं पर्ड्यू सहावं!

आता मला सांगा, 28 फेब्रुवारीला मॅकीतच पर्ड्यूने यूसीएलएला 76-66 हरवलं होतं ना? मी तो सामना पहिल्या उडीपासून शेवटच्या भोंग्यापर्यंत बघितलाय, गॅसवरची भाजी करपवून. दोघांचा एकच सामना झाला, तो आपण जिंकला, विजयही सारखे. मग ते वर कसे?

लेकीला विचारलं तर "आई, नंतर" एवढंच. इलिनॉयच्या सामन्यापासून फुगून बसली आहे. शिवाय "डबल बाय गेला, डबल बाय गेला" असं काहीतरी सारखं चाललंय. मैत्रिणींबरोबर इंडियानापोलिसला सामना बघायला जायचंय, तर तिकीट कुठल्या दिवसाचं काढायचं हेही ठरत नाहीये. पैसे अर्थातच इकडून जाणार, म्हणून मला कळलेलं बरं.

पाटीपेन्सिल

सोपं आहे ताई. गुणफरक. क्रिकेटमधल्या नेट रनरेटसारखं. यूसीएलएने कुणालातरी मोठ्या फरकाने हरवलं असणार.

चिमणबाग

मग तर पर्ड्यू वर हवं! जानेवारीत मिशिगनला 91-64 हरवलंय. सत्तावीसचा फरक झाला की हो.

इंडीकर

पाटीपेन्सिल, नाही हो. बिग टेनच्या क्रमवारीत बरोबरी सोडवताना किती गुणांनी जिंकलात याला काडीचीही किंमत नाही. दोनने जिंका नाहीतर चाळीसने, विजय तो विजय. आणि ते बरंच आहे. नाहीतर शेवटच्या आठवड्यात दुबळ्या संघांची नुसती कत्तल झाली असती.

चिमणबागताई, मी इंडियानापोलिसमध्ये राहतो, लेकीचा फुगा समजू शकतो. जरा सविस्तर लिहितो.

दोन संघांत बरोबरी असेल तर तुम्ही म्हणता तेच, आपसात कोण जिंकलं ते बघतात. पण इथे तीन आहेत. तिघे असले की जोड्या लावत नाहीत, तिघांचा मिळून एक छोटा तक्ता मांडतात. तो मांडून बघा. पर्ड्यूने यूसीएलएला हरवलं. यूसीएलएने विस्कॉन्सिनला हरवलं, 21 जानेवारीला, 85-83. आणि विस्कॉन्सिनने पर्ड्यूला हरवलं, 15 फेब्रुवारीला, तेही मॅकीत, 94-84.

म्हणजे दगड, कागद, कात्री. प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. तुमचा 76-66 वाया गेलेला नाही, तो या रिंगणात मोजला गेला आणि विस्कॉन्सिनच्या सामन्याने खाऊन टाकला.

मग दुसरी पायरी. तक्त्यात सगळ्यात वर जो आहे त्याच्याविरुद्ध तिघांनी काय केलं? वर आहे मिशिगन स्टेट, त्यांचं विजेतेपद कधीच पक्कं झालंय. पर्ड्यू त्यांच्याकडून 18 फेब्रुवारीला 75-66 हरलं. विस्कॉन्सिन गेल्या रविवारी 71-62 हरलं. आणि यूसीएलएने 4 फेब्रुवारीला त्यांना हरवलं, 63-61. यूसीएलए सुटलं, चौथं झालं. उरले दोन, त्यांच्यात आपसातला सामना विस्कॉन्सिनचा. म्हणून ते पाचवे, आपण सहावे.

आता जिथे पोटात दुखतं ते सांगतो. मिशिगन स्टेटशी या तिघांचाही एकेकच सामना होता. पर्ड्यू आणि विस्कॉन्सिनला तो खेळायला त्यांच्या घरी, ईस्ट लॅन्सिंगला जावं लागलं. यूसीएलएला मिळाला स्वतःच्या घरी, लॉस एंजेलिसला. जिंकले तेही दोन गुणांनी. लीगचं नाव बिग टेन, संघ अठरा. गेल्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचे चार आले, यूसीएलए त्यातलंच. सामने मात्र वीसच. सतरा प्रतिस्पर्ध्यांपैकी तिघांशी दोनदा आणि चौदांशी एकदाच गाठ पडते. एकदाच पडली की ती कुणाच्या घरी, हे वेळापत्रक ठरवतं. पूर्वी दहा-अकरा संघ असताना हे एवढं बोचत नसे.

सांता_मोनिका

इंडीकर, घरी असो की दारी, हरवलं ते हरवलं. आमची यूसीएलएची पोरं याच मोसमात अख्खा देश ओलांडून न्यू जर्सी नि मेरीलँडला खेळून आली, त्याचं कुणी रडत नाही. :)

इंडीकर

हे मान्य. विमानात बसून पाय आखडले असतील बिचाऱ्यांचे.

चिमणबाग

अरे देवा, म्हणजे एका सामन्यावर आलं सगळं. आणि तो आमचा सामनाच नव्हे! कागदावर तीन नावं त्रिकोणात लिहून बाण काढले तेव्हा कुठे पटलं. धन्यवाद इंडीकर.

आता ते डबल बाय?

इंडीकर

आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या स्पर्धांत "पुढे चाल" मिळते ना, तेच. इथे ती दुहेरी.

बुधवारपासून रविवारपर्यंत (12 ते 16 मार्च) इंडियानापोलिसला लीगची बाद फेरीची स्पर्धा आहे. यंदा (2025) अठरांपैकी पंधराच घेतायत. दहावा ते पंधरावा बुधवारी खेळतात. पाचवा ते नववा गुरुवारी येतात. पहिले चार थेट शुक्रवारी उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे चौथ्याला चषक उचलायला तीन सामने जिंकायचे आणि पाचव्या-सहाव्याला चार, सलग चार दिवस. विशीतली पोरं असली तरी चौथ्या दिवशी पाय शिशाचे होतात. त्यात बारा-तेरा जणांच्या संघात भरवशाचे सात-आठच. लेक हळहळते ती या एका दिवसासाठी.

तिकिटाचं असं: एका तिकिटावर एक सत्र, सत्रात दोन सामने. सहावा संघ गुरुवारी संध्याकाळच्या सत्रात, तोही दुसरा सामना. म्हणजे रात्री उशिरा सुरू होईल. प्रतिस्पर्धी अकरावा आणि चौदावा यांच्यातला विजेता. जिंकले तर शुक्रवारी पुन्हा संध्याकाळचंच सत्र, तिसऱ्या संघाशी. तिसरा कोण ते आज मिशिगन आणि मिशिगन स्टेटच्या सामन्यावर आहे. मिशिगन जिंकलं तर ते दुसरे आणि मेरीलँड तिसरं. हरलं तर मिशिगन-मेरीलँड बरोबरीत, आणि मेरीलँडने त्यांना बुधवारीच हरवलंय, त्यामुळे मिशिगन तिसरं. इथे दोघांचीच बरोबरी, त्यामुळे तुमचा साधा नियम चालतो.

माझा सल्ला, गुरुवारचं तिकीट आता काढा, शुक्रवारचं काढू नका. गुरुवारी रात्री हरलेल्या संघांचे लोक बाहेर पडता पडता फोनवरून शुक्रवारची तिकिटं विकायला काढतात. वेस्ट लाफायेटहून गाडीने तासाभराचा रस्ता आहे, मुक्कामाची गरज नाही. फक्त परतताना मध्यरात्र उलटेल, तेव्हा गाडी चालवणारी झोपाळू नसावी.

आणि हो, आज पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली. आता भारताशी फरक साडेनऊ तासांचा, साडेदहाचा नव्हे. जुन्या हिशेबाने टीव्ही लावलात तर अर्धा सामना गेलेला असेल.

चिमणबाग

बरं झालं सांगितलंत! मी साडेदहाचा गजर लावून जेवायला बसणार होते.

ओसरी

वाचतेय, मस्त चाललंय. एक भाबडा प्रश्न. या वीस सामन्यांत विजेता ठरला, मिशिगन स्टेट. मग पुन्हा स्पर्धा कशाला? एका लग्नाचे दोन मांडव?

इंडीकर

दोन मांडव आणि नवरदेवही दोन असू शकतात. वीस सामन्यांचा विजेता वेगळा मान, या पाच दिवसांचा विजेता वेगळा मान. पण राष्ट्रीय स्पर्धेतली, म्हणजे मार्चअखेरच्या त्या मोठ्या 68 संघांच्या जत्रेतली लीगची हक्काची जागा मिळते पाच दिवसांच्या विजेत्याला. बाकीच्यांना समिती निवडते. पर्ड्यूला ती काळजी नाही, ते बोलावलं जाणारच. ज्यांचा मोसम बेताचा गेलाय त्यांना मात्र हा मांडव शेवटची आशा असतो.

जुन्या लोकांना विचाराल तर खरा मान वीस सामन्यांचाच. माझंही तेच मत. पाच दिवसांत कुणाचाही हात चालून जातो, दोन महिने चालत नाही.

डोंगरवाट

मी पर्ड्यूचाच, जुना विद्यार्थी. वेळापत्रकाला शिव्या देणं सोपं आहे, पण पर्ड्यूने स्वतःच्या हाताने घालवलं. 11 फेब्रुवारीला मिशिगनकडून दोन गुणांनी हरले, मग विस्कॉन्सिन, मग मिशिगन स्टेट, मग इंडियाना. सलग चार! त्याआधी पहिल्या क्रमांकाच्या गोष्टी चालल्या होत्या. जानेवारीत तर घरी ओहायो स्टेटकडून 73-70. त्यातला एक घरचा सामना जिंकला असता तर 14-6 झाले असते आणि डबल बायसाठी हे त्रिकोण-चौकोन काढायची वेळच आली नसती.

2023 आणि 2024 लागोपाठ बिग टेनचे विजेते, गेल्या वर्षी राष्ट्रीय अंतिम सामना. सवय वाईट लागली आम्हाला. साडेसात फुटी झॅक ईडी गेला, आता बॉल आत टाकून निवांत उभं राहता येत नाही.

इंडीकर

सात फूट चार इंच. साडेसात तो पर्ड्यूवाल्यांच्या आठवणीत होतो, दर वर्षी इंचाइंचाने वाढतोय.

लिंकनकर | सोमवार, 10 मार्च

तुम्ही सहाव्या क्रमांकाचं रडताय, इकडे नेब्रास्कात या. काल घरच्या मैदानावर आयोवाकडून 83-68 हरलो आणि पंधरातून बाहेर. 7-13 वर पाच संघ आहेत: मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, यूएससी, आयोवा आणि आम्ही. पाचांतले चार इंडियानापोलिसला जाणार, एक घरी बसणार. तो एक आम्ही. आयोवाने आम्हाला जानेवारीतही हरवलं होतं, ज्यादा वेळेत. नवऱ्याने गुरुवार-शुक्रवार रजा टाकली होती. आता म्हणतो, घराला रंग देऊया.

चिमणबाग

लिंकनकर, तुमच्यापुढे आमचं दुःख किरकोळ. रंग कुठला देताय? तुमच्या संघाचा लाल सोडून द्या म्हणते मी.

बाकी काल रात्री बघितलं, मिशिगन हरलं, 79-62. म्हणजे इंडीकरांच्या हिशेबाने शुक्रवारी मिशिगन. गुरुवारची चार तिकिटं काढली. गाडी चालवणारी मैत्रीण सोलापूरची आहे, ती झोपत नाही, फक्त बोलते.

चिमणबाग | शनिवार, 15 मार्च

कळवायचं राहू नये म्हणून लिहिते. गुरुवारी पर्ड्यूने यूएससीला हरवलं. पोरी रात्री दोनला घरी पोचल्या, शुक्रवारची तिकिटं इंडीकर म्हणाले तशीच परतीच्या वाटेवर फोनवरून मिळाली. शुक्रवारी मिशिगनने 86-68 उडवलं. जानेवारीतले सत्तावीस गुण व्याजासकट नाही, पण बरेचसे वसूल केले म्हणायचे.

आणि तो डबल बायवाला यूसीएलए? विस्कॉन्सिनकडून 86-70, पहिल्याच सामन्यात गारद. लेकीने त्या निकालाचा फोटो मला तीनदा पाठवला. सांता मोनिका, रागावू नका, पोर आहे.

सांता_मोनिका

रागावत नाही काकू. पण पुढच्या वर्षी बघू.

चिमणबाग

आता नवीन शंका. उद्या रविवारी म्हणे राष्ट्रीय स्पर्धेची यादी जाहीर होते आणि लेक सांगतेय की कुणाला कुठल्या शहरात पाठवायचं हेही समिती ठरवते. हे कशावरून ठरतं? इंडीकर, आहात का?