‘क्षारता’, ‘अल्कता’ की ‘खारेपणा’? प्रवाळटाकीच्या नोंदवहीसाठी शब्द हवा आहे

प्रश्न

आम्ही जर्मनीत राहतो आणि घरी साठ लिटरची लहानशी प्रवाळटाकी सांभाळतो. आम्ही सुट्टीला गेल्यावर टाकीची देखभाल माझे आईवडील करणार आहेत, म्हणून पाण्याच्या चाचण्यांचा तक्ता मी मराठीत करायला घेतला आहे. कॅल्शियम (लिटरला 420 मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियम (1300 मिलिग्रॅम) यांचे रकाने बिनतक्रार झाले. अडचण आली ती इंग्रजी पुस्तकांत ‘अल्कलिनिटी’ आणि इथल्या चाचणीसंचांवर ‘कार्बोनेट काठिण्य’ म्हणून येणाऱ्या, आठ जर्मन अंशांच्या आसपास ठेवायच्या गुणधर्माची. शब्दकोश पाहून मी तिथे ‘क्षारता’ लिहिले. वडिलांनी तक्ता वाचून लगेच विचारले, की क्षारता आठाच्या खाली आली तर मीठ घालायचे का? त्यांची शेती शिरोळ तालुक्यात आहे आणि क्षार म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको. मग इथे कोणता शब्द योग्य ठरेल?

प्रतिसाद १

तुमच्या वडिलांचा प्रश्न मराठीच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, आणि घोटाळ्याचे मूळ आपल्याकडे शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन परिभाषांत आहे. शालेय विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून ‘क्षार’ मिळतो, म्हणजे तिथे मीठ हा क्षार आहे. मराठी विश्वकोशातील नोंदींत मात्र त्याच पदार्थाला ‘लवण’ आणि आम्लारीला ‘क्षारक’ म्हटलेले आढळते. हिंदीतही क्षार म्हणजे अल्कली आणि लवण म्हणजे मीठ. त्यामुळे विश्वकोशाच्या किंवा हिंदीच्या वळणाने जाणाऱ्याला ‘क्षारता’ म्हणजे अल्कलिनिटी वाटते, तर मराठी शाळेत शिकलेल्याला तोच शब्द खारेपणाचा वाटतो. एकाच तक्त्यात हे दोन्ही गुणधर्म मोजायचे असतील, तर तो शब्द दोन्ही रकान्यांतून काढून टाकणे हाच मार्ग मला दिसतो. मिठाच्या प्रमाणाला सरळ ‘खारेपणा’ म्हणावे आणि अल्कलिनिटीला ‘अल्कता’.

‘अल्कधर्मी’ हे विशेषण मात्र या रकान्यात आणू नका, कारण त्याचा रूढ अर्थ ‘सामू 7 पेक्षा जास्त असलेले’ असा आहे, आणि सामू व अल्कता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हिवाळ्यात खिडक्या बंद राहिल्या, की घरातला कार्बन डायऑक्साइड वाढून टाकीत विरघळतो आणि सामू 8.2 वरून 7.9 पर्यंत सहज उतरतो. अल्कता तेवढ्याने बदलत नाही. खिडकी उघडल्यावर सामू परत चढतो, तेव्हाही अल्कता होती तेवढीच असते. पाण्यात किती आम्ल जिरवण्याची ताकद आहे, याचे अल्कता हे माप आहे, आणि चाचणीत आपण तेच करतो: ठरावीक पाण्यात दर्शक घालून रंग पालटेपर्यंत थेंबाथेंबाने आम्ल सोडतो.

प्रतिसाद २

शिरोळचा उल्लेख आला म्हणून शेतीच्या बाजूने थोडे लिहितो. माती परीक्षणाच्या मराठीत हा भेद फार पूर्वीपासून पाळला जातो. विद्राव्य क्षार वाढलेली ती ‘क्षारयुक्त’ जमीन, आणि सोडियमचे प्रमाण वाढून सामू साधारण 8.5 च्या वर गेलेली ती ‘चोपण’ जमीन. उपायही वेगळे आहेत: पहिलीला चर काढून निचरा द्यायचा, दुसरीला जिप्सम घालायचे. दोन्हींना सरसकट क्षारपड म्हणणारा शेतकरीही उपायाच्या वेळी हा फरक बरोबर करतो.

तेव्हा वडिलांना त्यांच्याच अहवालातून समजावता येईल. विद्युत वाहकता चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. त्याच एककात समुद्राचे पाणी सुमारे 53 भरते, आणि तुमचा खारेपणाचा रकाना म्हणजे हाच आकडा वेगळ्या मापात. ‘सामू’ त्यांना ठाऊकच असेल. नवा शब्द राहिला तो फक्त अल्कता.

प्रतिसाद ३

‘क्षारता’ हा शब्द इतक्या सहज मोडीत काढू नये, असे मला वाटते. आयुर्वेदातला क्षार म्हणजे मीठ नव्हे. यवक्षार किंवा अपामार्गक्षार हे वनस्पती जाळून, तिची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून काढतात, आणि त्यांत पोटॅशियम कार्बोनेट मुख्य असते. प्रवाळटाकीत जे मोजायचे आहे तेही बव्हंशी कार्बोनेट व बायकार्बोनेटच. म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायाने ‘क्षारता’ हाच खरा शब्द आहे, आणि ‘अल्कता’ हे अरबीतून युरोपमार्गे आलेल्या ‘अल्कली’चे तोडलेले शेपूट आहे.

प्रतिसाद १ कडून उत्तर

व्युत्पत्ती मान्य आहे, पण तक्ता वाचणाऱ्याच्या हातात मिठाचा डबा असताना ती कामाला येत नाही. साठ लिटर पाण्यात अल्कता एका जर्मन अंशाने वाढवायला सुमारे 1.8 ग्रॅम खायचा सोडा पुरतो. त्याऐवजी कोणी साठ ग्रॅम मीठ घातले, तर खारेपणा हजारी एका भागाने वर जाईल आणि अल्कता जवळपास जागेवर राहील. वैद्यकात ‘क्षार’ खुशाल जुन्या अर्थाने चालू द्यावा.

‘काठिण्य’ हा शब्दही मी टाळीन. काठिण्य म्हटले की कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे येणारा दुष्फेनपणा मनात येतो, आणि तुमच्या तक्त्यात त्या दोघांचे रकाने आधीच वेगळे आहेत. जर्मन अंश हे एकक मात्र काठिण्याच्याच मोजणीतून आले आहे, ते तसेच ठेवावे. एक अंश म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. रकाने आता खारेपणा, सामू, अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे केले आहेत. अल्कतेसमोर ‘सोड्याचे द्रावण, दिवसाला एका अंशाहून जास्त वाढवू नये’ असे लिहिले आहे. आणखी एक शंका आहे. बाष्पीभवनाने एक लिटर पाणी उडाले, की मीठ मागेच राहते आणि खारेपणा 35 वरून 35.6 होतो, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या, गाळण यंत्राच्या पाण्याची. तिथे ‘गोडे पाणी’ लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद २

आमच्याकडे विहिरीच्या पाण्यालाही गोडे म्हणतात, आणि त्यात विरघळलेले बरेच काही असते. ‘यंत्राचे शुद्ध पाणी’ असे लिहून त्या कॅनवर तीच चिठ्ठी चिकटवावी.