बालवाडीतला गोपाळकाला: घरच्यांना विचारायचं की नाही?

पायथ्याची (चोपडा)
गावातल्या एका खासगी बालवाडीने गोपाळकाल्याच्या आदल्या रात्री साडेनऊला ग्रुपवर निरोप टाकला. पोरांनी कृष्ण, पोरींनी राधा बनून यायचं, नाहीतर फोटोत घेणार नाही. तडवी (मुसलमान भिल्ल) घरची पोरं त्या दिवशी आलीच नाहीत. बाईंनी विचारलं तर म्हणे ताप होता. सगळ्यांनाच, एकाच दिवशी!
सण बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण नाव घालतानाच घरच्यांना विचारून ठेवावं: काय चालतं, काय चालत नाही, मोठे सण कोणते, घरात कोणती बोली बोलतात.

रोखठोक भुसावळ
ताई, चार वर्षांच्या पोराला धर्म कळतो का? त्याला मडकं फुटलेलं आणि दही सांडलेलं कळतं. रेल्वे कॉलनीत आम्ही नाताळचा केक खाल्ला, ईदला शीरखुर्मा प्यायलो. कुणी फॉर्म भरून घेतला नाही. आता तुम्ही लिहून घेणार, मग बाईंच्या डोक्यात रकाने पडणार: हा अमक्यांचा, ती तमक्यांची. आज नाहीत ते भेद तुम्हीच घालताय.

पायथ्याची
भाऊ, धर्माचा रकाना ठेवा असं मी कुठे म्हटलं? आणि शीरखुर्म्याला तुम्ही आपल्या पायाने गेलात. प्यायला नाहीत तर फोटोतून काढू, असं कुणी बजावलं नव्हतं.

कलम वाचा
राज्यघटनेचं कलम 28 बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत उपासनेला बसायची सक्ती नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. त्यापेक्षा सण घरी करावेत, बालवाडीत गाणी-गोष्टी पुरेत.

आप्पा शिरपूरकर
हाई काय नवीन काढं ताई? दहीहंडी म्हणजे उपासना नव्हे, खेळ आहे. कलमवाले साहेब, सण काढून टाकले तर बालवाडीत उरेल काय, एबीसीडी? देश तसा वेश. उद्या पोरगं पुण्या-सुरतेला जाईल, तिथे कोण विचारणार आहे तुला काय चालतं म्हणून?

अंगणवाडीवाली (यावल)
सगळे हिंदू-मुसलमान करत बसलात. आमच्याकडची खरी गोची वेगळी आहे. महानुभाव पंथाच्या घरची पोरं दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाहीत. आप्पा, ती हिंदूच ना? श्रावणात घरोघरी कानबाई ही खानदेशातली देवी बसते, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. नवीन बाई हौसेने म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापल्या सणाचा खाऊ आणा." एका पोराने घरी रोटासाठी भोकाड पसरलं आणि आईची पंचाईत झाली. हे पुस्तकात नसतं, विचारल्याशिवाय कळणार कसं?
आता अंड्याचं. आदिवासी भागात अमृत आहार या सरकारी योजनेत आठवड्यातून चार दिवस अंडं, जे खात नाहीत त्यांना केळी. मी केळीवाल्यांची वेगळी रांग लावत नाही, सगळे एकाच सतरंजीवर. एकदा एका केळीवाल्याने शेजारच्याच्या ताटलीतलं अर्धं अंडं तोंडात टाकलं. मी घरी जाऊन सांगितलं. त्याची आजी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, पण पोरगं दुसऱ्या दिवशी पाठवलं.

रोखठोक भुसावळ
बघा, सांगितलंत म्हणून तर आजी रुसली! न सांगता भागलं असतं.

अंगणवाडीवाली (यावल)
दादा, पोरानेच संध्याकाळी सांगितलं असतं, "अंडं भारी लागतं." मग आजीने पाठवलं नसतं.

धडगावकर
आमच्याकडे देवावरून भांडण नाही, बोलीवरून आहे. पोरगं घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली बोलतं. बाई विचारतात "हे काय आहे?" त्याला मराठी शब्द येत नाही म्हणून गप्प बसतं, आणि शेरा पडतो "मंद". होळीला बाप बावा-बुध्या होतो, म्हणजे सोंग घेऊन नाचतो. त्याआधी पाळणी, म्हणजे व्रत असतं, तेव्हा खाटेवर झोपत नाहीत. पोरगं बापाच्या मागे मागे. त्या दिवसांत पट रिकामा, की बाई चिडतात. दिवाळीची सुट्टी चालते, होळीची गैरहजेरी का खुपते? 2020 च्या शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय, इथे बाईंना दहा शब्द आले तरी बास.

आप्पा शिरपूरकर
बोलीचं मान्य. आमचे नातूही अहिराणी बोलले की दटावले जातात. पण सणाचं नाही पटत. एकेकाला विचारत बसलात तर पोरं एकत्र नाचणार कधी?

कलम वाचा
नाचायला कृष्णच व्हावं लागतं का, आप्पा?

आप्पा शिरपूरकर
मग पेंद्या होऊ दे! हंडी फुटलीच पाहिजे.

पायथ्याची
फोडा की, आप्पा. फक्त निरोप आठ दिवस आधी द्या आणि फोटोची अट काढा. पुढच्या पालकसभेत मी एवढंच मागणार आहे. रकान्यांचं रोखठोकभाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे, म्हणून कागदावर काही नको, बाईंनी घरी जाऊन तोंडी विचारावं.

अंगणवाडीवाली (यावल)
तोंडी विचारायला घरोघर जाणार कोण, ते आधी ठरवा. आमच्या रजिस्टरांनीच हात मोडलेत.