मुक्काम आणि भरतीच्या वेळा

मुलांना घेऊन समुद्राकाठच्या शहरात आठवडाभर राहायचं आणि रोज संध्याकाळी सहाला समुद्रावर जायचं, असं तुम्ही ठरवलंय. त्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा नक्की बघा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी सहाला ओली वाळू तुडवत लांबवर गेलात, तरी आठवड्याअखेरीस त्याच वेळी तिथे पाणी असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर उधाण. सोबत मुलं आहेत, म्हणून कळकळीने सांगते: खडकांवर जाऊच नका. पाणी समोरून येतंय असं वाटतं, पण ते खाचांमधून शिरून परतीची वाट आधी बुडवतं.

राहायला मात्र समुद्रापेक्षा रेल्वे स्टेशनजवळची जागा बघा. गर्दीच्या शहरात वेळ जातो तो प्रवासातच.